डिकीतला फ्रिज आणि विजेचं पिंप

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी डिकी उघडली की कोणीतरी थांबतंच. "हा गाडीत चालतो? मग शंभर वॅटचा सोलर घेऊन टाकला की झालं, नाही का?" गेल्या मे महिन्यात हे इतक्या जणांनी विचारलं की शेवटी नीट लिहून काढायचं ठरवलं. शंभर वॅटच्या पॅनलवर फ्रिज चालतोही आणि चालत नाहीही. दोन्ही अनुभव मी घेतले आहेत.

वर्षातून चार-पाच वेळा आमची मुंबई ते गुहागर फेरी असते. बरोबर आई असते आणि आईचं इन्सुलिन. पूर्वी थर्माकोलचा खोका आणि त्यात बर्फ असा कारभार होता. पनवेल सोडताना टणक असलेला बर्फ माणगावच्या कोंडीतून सुटेपर्यंत निम्मा वितळायचा, आणि चिपळूण येईस्तोवर इन्सुलिनचं खोकं पाण्यात भिजत पडलेलं असायचं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. उन्हात तापलं तर बिघडतं, आणि बर्फाला चिकटून गोठलं तरीही ते टाकूनच द्यावं लागतं. काही वर्षं ही धास्ती उरात घेऊन प्रवास केल्यावर आम्ही गाडीत चालणारा फ्रिज घेतला. परतताना त्यातून सुरमई आणि कोळंबी आणता येते, तो आनंद वेगळाच.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी यायचं, त्यामुळे घरातल्या लहान पोरालाही तीन गोष्टी पाठ असायच्या: पिंप केवढं आहे, दिवसाला पाणी किती लागतं आणि नळ किती वेळ चालतो. यातली एक जरी चुकली तरी संध्याकाळी शेजारी कळशी घेऊन जायची वेळ यायची. गाडीतल्या फ्रिजचं गणित अगदी हेच आहे. बॅटरी म्हणजे पिंप. फ्रिज म्हणजे घरातला वापर. गाडीचं इंजिन आणि सोलर पॅनल हे दोन नळ. पॅनल किती वॅटचा घ्यायचा, हा खरं तर शेवटचा प्रश्न; आपण मात्र तोच आधी विचारतो.

चार शब्द समजून घेतले की पुढचं सगळं सोपं होतं. व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे, म्हणजे पाण्याला जोर किती. अँपिअर म्हणजे धार किती जाड. या दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. आणि तेवढे वॅट किती तास वापरले, त्याचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. हा शेवटचा शब्द सगळ्यात कामाचा. घरच्या वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. डिकीतला चाळीस लिटरचा चांगला फ्रिज दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज घेतो. घरी तेवढ्या विजेचे जेमतेम काही रुपये होतात. गाडीत मात्र ते अर्धं युनिट आपल्याला स्वतः साठवावं लागतं.

आधी फ्रिज कोणता ते बघा

"कार फ्रिज" या एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते.

पहिली वस्तू हलकी आणि स्वस्त असते. तिच्यात कॉम्प्रेसर नसतो. दोन वेगवेगळे धातू दोन ठिकाणी जोडून त्यांतून वीज सोडली की एक सांधा गार होतो आणि दुसरा गरम, हे ज्याँ पेल्टिए या फ्रेंच माणसाला १८३४ साली दिसलं. त्याच तत्त्वावर हा डबा चालतो. पण बाहेरच्या हवेपेक्षा तो फार तर पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकतो. उन्हात उभ्या गाडीत ४५ अंश तापमान असेल, तर डब्यात २५. म्हणजे दूध नासणार आणि मासळीचं तर विचारूच नका. वर यातले बरेच डबे थांबतच नाहीत. पन्नास वॅट चोवीस तास खात राहिले तर दिवसाला १,२०० वॅट-तास होतात, सव्वा युनिट. काम कमी आणि खाणं जास्त.

दुसरी वस्तू म्हणजे खराखुरा फ्रिज. घरच्यासारखाच कॉम्प्रेसर, फक्त १२ किंवा २४ व्होल्टवर थेट चालणारा. हा उणे अठरापर्यंत जातो आणि आतलं तापमान हवं तेवढं खाली आलं की आपोआप बंद होतो. वजन जास्त, किंमत जास्त. तरीही घ्यायचा तर हाच. पैसे कमी असतील तर वर्षभर थांबा आणि तोवर चांगला जाड भिंतींचा बर्फाचा डबा वापरा. पेल्टिएवाल्या डब्यात पैसे घालू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. पुढे जिथे जिथे फ्रिज म्हणतोय तिथे हा दुसराच समजा.

दिवसाला किती लागतं

खोक्यावर ४५ वॅट लिहिलेलं असतं. तेवढी वीज कॉम्प्रेसर चालू असतानाच लागते. रात्रीच्या गारव्यात तो तासातली पंधरा-वीस मिनिटं चालतो, मे महिन्याच्या दुपारी तीस-पस्तीस मिनिटं. सगळं मिळून दिवसातला चाळीस टक्के वेळ धरा. ४५ गुणिले २४ गुणिले ०.४, म्हणजे ४३२ वॅट-तास. हा आकडा ध्यानात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

पण हा आकडा बराचसा आपल्या हातात असतो. सुरुवातीला मला हे कळायला वेळ लागला. फ्रिज गारवा "तयार" करत नाही. आत शिरलेली उष्णता तो उपसून बाहेर टाकतो, होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसा. आत ४ अंश आणि बाहेर ३० असताना फरक २६ अंशांचा. तीच गाडी काचा बंद करून उन्हात ठेवली आणि आत ५० अंश झाले तर फरक ४६चा. भिंतींतून आत शिरणारी उष्णता पावणेदोनपट होते आणि त्यात कॉम्प्रेसरलाही उष्णता बाहेर टाकणं जड जातं. गाडी आंब्याच्या सावलीत लावणं आणि काचा दोन बोटं खाली ठेवणं याने जी वीज वाचते, ती पन्नास वॅटचा आणखी एक पॅनल घेऊनही मिळणं कठीण.

दुसरी गोष्ट, कॉम्प्रेसरच्या जाळ्या. फ्रिज डिकीत ठेवतो आणि मग त्याच्याभोवती बॅगा, चटया, आंब्याची पेटी असं काय काय कोंबतो. ज्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायची तीच बंद होते. मग तो चोवीस तास धापा टाकत बसतो. जाळीच्या बाजूला वीतभर जागा मोकळी हवी. बाकीच्या बाजूंना जुनी गोधडी गुंडाळलीत तर उत्तम.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. कोमट पाण्याच्या दहा बाटल्या वाटेत घेऊन फ्रिजमध्ये टाकल्या असं समजा. दहा लिटर पाणी ३० अंशांवरून ५ वर आणायचं तर साधारण २९० वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. त्यासाठी फ्रिज दोनशे ते अडीचशे वॅट-तास वीज घेतो, म्हणजे अर्ध्या दिवसाचा शिधा फक्त पाणी गार करण्यात गेला. म्हणून आमच्याकडे नियम आहे: निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिज घरात, भिंतीतल्या प्लगवर. त्यात जे जायचं ते घरच्या फ्रिजमधून गार होऊनच जातं. वाटेत कोणी थंड पाणी मागितलं तर आधीच गार केलेली बाटली काढायची, रिकामी झाली की ती परत भरून आत टाकायची नाही.

इथेच बर्फाची आठवण येते, आणि बर्फाला मी अजूनही कमी लेखत नाही. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॅट-तास उष्णता शोषून घेतो. एक-एक लिटरच्या पाच बाटल्या घरी डीप फ्रीजरमध्ये गोठवून तळाशी ठेवल्या, तर साडेचारशे वॅट-तासांहून जास्त उष्णता त्या गुपचूप गिळतात. हे फ्रिजचं पाऊण दिवसाचं काम झालं, आणि त्याची वीज घरच्या मीटरवर आधीच पडून गेली आहे. बर्फ हीही एक बॅटरीच आहे, आणि सगळ्यात स्वस्त. फक्त इन्सुलिन त्या बाटल्यांना लागून ठेवायचं नाही. आईचं खोकं आम्ही वरच्या जाळीच्या टोपलीत, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवतो आणि शेजारी एक छोटा थर्मामीटर. फ्रिजच्या दर्शनी आकड्यावर औषधाच्या बाबतीत विसंबू नका. भिंतीलगतचं आणि मधलं तापमान वेगळं असतं.

पिंप: बॅटरी कोणती

पहिल्या वर्षी आम्ही वेगळी बॅटरी घेतलीच नव्हती. फ्रिज लायटरच्या सॉकेटला लावला की चालतो, मग आणखी काय हवं? संध्याकाळी पोचलो, सामान उतरवलं, फ्रिज गाडीतच चालू ठेवला. सकाळी आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. चावी फिरवली तर नुसतं टक-टक. सेल्फ लागेना. शेजारच्या वाडीतले दादा आपला टेंपो घेऊन आले आणि जंपर केबल लावून गाडी सुरू करून दिली. ती सकाळ मी विसरलेलो नाही.

झालं होतं असं. गाडीची बॅटरी ही साठवणीची टाकी नव्हेच. ती बंबवाल्यांच्या पाइपसारखी आहे: चार-पाच सेकंद प्रचंड धार द्यायची, इंजिन फिरवायचं आणि मग लगेच इंजिनकडून परत भरून घ्यायचं. त्यासाठी तिच्यातल्या शिशाच्या पट्ट्या पातळ आणि भरपूर असतात. तिला हळूहळू तळापर्यंत रिकामं केलं की त्या पट्ट्या खराब होतात. छोट्या गाडीत ती ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे एक अँपिअरची धार पस्तीस तास पुरेल एवढी. त्या रात्री फ्रिजने त्यातले जेमतेम चौदा-पंधरा घेतले असतील, पण तीन वर्षं जुन्या बॅटरीला तेवढंही झेपलं नाही.

काही गाड्यांत चावी काढली की सॉकेट बंद होतं, काहींत चालूच राहतं. पहिल्या प्रकारात जेवायला थांबलात की फ्रिजही थांबतो, दुसऱ्यात माझ्यासारखं होऊ शकतं. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे चावी काढून सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. शिवाय बहुतेक फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्याच्या तीन पायऱ्या असतात, एच, एम आणि एल. एच म्हणजे बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्ट, थोडा उतरला तरी फ्रिज स्वतःला बंद करून घेणार. गाडीच्या बॅटरीवर चालवताना नेहमी एच ठेवा. माझा त्या रात्री एलवर होता.

मग वेगळी बॅटरी घ्यायची. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत ठेवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. ठेवू नका. दीडशे अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या पुढे जाते, घाटात कलंडली तर तिच्यातलं ॲसिड सांडतं, आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. बंद गाडीत हे धोक्याचं आहे. आणि शिशाच्या बॅटरीचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची असते. पिंप शंभर लिटरचं, पण तोटी मध्यावर बसवलेली.

यावरचं आजचं उत्तर लिथियम आयर्न फॉस्फेट. १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत हे रसायन बॅटरीसाठी पुढे आलं. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या रसायनात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तापली तरी इतर लिथियम बॅटऱ्यांच्या मानाने ही भडकण्याची शक्यता बरीच कमी. ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, दोन हजारांहून जास्त वेळा भरता-रिकामी करता येते आणि ५० अँपिअर-तासांची बॅटरी पाच-सहा किलोंतच बसते. आत बीएमएस नावाचं सर्किट असतं. जास्त भरली, जास्त रिकामी झाली किंवा फार तापली तर ते बॅटरी तोडून टाकतं. बीएमएसशिवाय सुटे सेल जोडून कोणी स्वस्तात बनवून देत असेल तर नको म्हणा.

तिचं एक पथ्य आपल्या हवेत महत्त्वाचं आहे. साधारण ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये, म्हणून ती मागच्या काचेखाली उन्हात ठेवायची नाही. खाली, सीटच्या मागे, हवेशीर जागी ठेवायची. उलट टोकही आहे: शून्याखाली ती चार्ज करता येत नाही. कोकणात याची चिंता नाही, पण हिवाळ्यात स्पितीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

५० अँपिअर-तास गुणिले १२.८ व्होल्ट, म्हणजे ६४० वॅट-तास. नव्वद टक्के वापरले तर ५७६. आपला दिवसाचा खर्च ४३२. म्हणजे एकही थेंब आत न येता साधारण सव्वा दिवस. पिंप समजलं.

दुकानात मात्र आकडे असे सरळ लिहिलेले नसतात. "१,५०,००० एमएएच" (मिलिअँपिअर-तास) असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला पॉवर स्टेशनचा, म्हणजे सगळं आत बसवलेल्या तयार बॅटरीचा, खोका बघून डोळे दिपतात. हे आकडे बहुधा आतल्या एका सेलच्या दाबावर, म्हणजे ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. हजाराने भागा आणि ३.७ ने गुणा: ५५५ वॅट-तास. म्हणजे वरच्या ५० अँपिअर-तासांच्या बॅटरीपेक्षाही थोडंसं कमीच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात उभे राहून मोबाइलवर हा एक गुणाकार केलात तर पुष्कळ पैसे वाचतील. दुकानदाराला "वॅट-तास किती?" एवढंच विचारायचं.

पॉवर स्टेशन वाईट असतं असं मुळीच नाही. बॅटरी, चार्जर, सोलरचा कंट्रोलर सगळं एकाच खोक्यात, वायर ओढायला नको. पहिल्यांदाच करणाऱ्यांना मी तेच सुचवतो. फक्त फ्रिज त्याच्या १२ व्होल्टच्या गोल सॉकेटला लावा, घरच्यासारख्या २३० व्होल्टच्या प्लगला लावू नका. तिथे लावलात तर आधी बॅटरीची वीज २३० करायची आणि मग फ्रिजच्या अडॅप्टरने परत १२, दोन्ही वेळा गळती. शिवाय आतला इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच दहा वॅट खात असेल तर दिवसाला २४० वॅट-तास फुकट जातात. आणि हो, काही पॉवर स्टेशन्समध्ये इको मोड असतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला की त्याला वाटतं काहीच लावलेलं नाही आणि तो सॉकेट बंद करतो. सकाळी सगळं कोमट. तो मोड आधी बंद करा.

पहिला नळ: इंजिन

गाडी चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, भरपूर वीज देतो. मुंबईहून गुहागर म्हणजे थांबत-थांबत सात-आठ तास. एवढ्या वेळात पिंप सहज काठोकाठ भरतं. पण लिथियम बॅटरी गाडीच्या बॅटरीला थेट वायरने जोडायची नाही. रिकामी लिथियम बॅटरी घटाघटा वीज ओढते, अल्टरनेटर तापतो. आणि आजच्या बऱ्याच गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा दाब सतत वर-खाली होतो. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले, त्यानंतरच्या गाड्यांत तर हे बऱ्याचदा दिसतं. दाब खाली असताना वेगळी बॅटरी पूर्ण भरतच नाही.

मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवला की दोन्ही प्रश्न सुटतात. गाडीकडून येणारा दाब कसाही असो, तो बॅटरीला हवा तेवढाच दाब आणि ठरलेलीच धार देतो. इंजिन बंद झालं की नळही बंद, त्यामुळे गाडीची बॅटरी सुरक्षित. २० अँपिअरचा चार्जर ५० अँपिअर-तासांची बॅटरी अडीच-तीन तासांत भरतो, म्हणजे महाडच्या आसपास काम फत्ते. हा लायटरच्या सॉकेटवर चालत नाही; त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. बॉनेटखालच्या बॅटरीपासून वेगळी वायर ओढावी लागते.

त्या वायरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण फ्रिज बंद पडण्याच्या तक्रारींत खरी दोषी बरेचदा वायर असते. पातळ नळीतून पाणी सोडलं की दुसऱ्या टोकाला जोर उरत नाही, तसंच. पाच मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. वायर १ चौरस मिलिमीटरची असेल आणि त्यातून ५ अँपिअर जात असतील तर वाटेतच ०.८६ व्होल्ट संपतात. बॅटरीत १२.३ व्होल्ट असूनही फ्रिजला साडेअकराच्या खालीच दिसतात आणि तो "बॅटरी संपली" म्हणून बंद होतो. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर फक्त ०.३४ व्होल्ट जातात. फ्रिजपुरतं हे ठीक, पण २० अँपिअरच्या चार्जरसाठी किमान ६ चौरस मिलिमीटर घ्या. मुंबईत लोहार चाळीत चांगल्या तांब्याची वायर मीटरवर मिळते. तिथे कंजुषी करू नका. आणि बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभरात फ्यूज हवाच हवा. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर वायर पेटते. हे काम गाडीची वीज कळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, आणि गाडीची वॉरंटी शिल्लक असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दुसरा नळ: सोलर

आता त्या शंभर वॅटच्या पॅनलकडे. शंभर हा आकडा प्रयोगशाळेतला आहे: सेलचं तापमान २५ अंश, ऊन अगदी कडक आणि सरळ. आपल्या उन्हात पॅनल स्वतःच ६५ अंशांपर्यंत तापतो. सिलिकॉनचा पॅनल दर अंशाला एक टक्क्याच्या तिसऱ्या भागाहून थोडी जास्त शक्ती गमावतो. चाळीस अंश वाढले की चौदा-पंधरा टक्के गेले. धूळ, वायर, कंट्रोलर धरून हातात साधारण ६५ टक्के येतात. मुंबई-कोकणात मे महिन्यात दिवसभराचं ऊन गोळा केलं तर ते पाच ते सहा तासांच्या कडक उन्हाएवढं भरतं. पाच धरले तर १०० गुणिले ५ गुणिले ०.६५, म्हणजे ३२५ वॅट-तास.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसणारा कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घ्या. १२ व्होल्टचा म्हणून विकला जाणारा पॅनल खरं तर १८ व्होल्टच्या आसपास सर्वात जास्त काम करतो. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला ओढून बॅटरीच्या दाबावर आणतो आणि मधला फरक वाया घालवतो. शंभर वॅटचे सत्तर-बहात्तर होतात. एमपीपीटी तो फरक धारेत बदलून देतो.

सावलीचं मात्र काहीच औषध नाही. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, एकाच नळीवरच्या तोट्यांसारखे. माडाच्या एका झावळीची सावली चार सेलवर पडली तरी अख्ख्या ओळीची धार आटते. कोकणातल्या वाडीत हा खरा पेच: फ्रिजसाठी गाडी सावलीत हवी आणि पॅनलला ऊन हवं. म्हणून छतावर पक्का बसवलेल्या पॅनलपेक्षा मला घडीचा सुटा पॅनल जास्त आवडतो. गाडी फणसाखाली, पॅनल अंगणात, मध्ये सहा-सात मीटरची जाड वायर. दर दोन तासांनी आईच पॅनल सरकवून येते, वाळवणाची काळजी घ्यावी तशी.

मेमध्ये पॅनल जमिनीवर आडवा ठेवला तरी चालतं, कारण मुंबईत पंधरा मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तो हाच. डिसेंबरात तसं नाही. तेव्हा दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो, आणि आडव्या पॅनलला भर दुपारीही पाव हिस्सा ऊन कमी मिळतं. तेव्हा दक्षिणेकडे तोंड करून मागे दोन विटा लावायच्या. पावसाळ्यात, गणपतीला जाताना, पॅनल मी घरीच ठेवतो. आभाळ भरलेलं असताना तो दिवसाला शंभर-दीडशे वॅट-तास दिला तर दिला. त्यापेक्षा गुहागर ते चिपळूण अशी एक फेरी इंजिनच्या नळातून जास्त भरते. घराच्या प्लगची वायर अंगणापर्यंत आली तर आणखी बरं.

आमच्या चार दिवसांचा हिशोब

मे महिन्यात पोचलो तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली, ५७६ वॅट-तास वापरण्याजोगे. दिवसाचा खर्च ४३२, पॅनलची आवक ३२५. रोजची तूट १०७. म्हणजे गाडी न हलवता पाच दिवस निघतात. पॅनल नसता तर साधारण सव्वा दिवसातच फ्रिज बंद पडला असता. आणि पॅनल आहे पण बॅटरी नाही, असं असतं तर? सूर्य मावळला की फ्रिज बंद. शंभर वॅटचा पॅनल चालतोही आणि चालत नाहीही, तो असा.

बॅटरीत किती उरलंय हे व्होल्ट बघून कळेल, या भ्रमात राहू नका. शिशाच्या बॅटरीत ते चालायचं: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियम आयर्न फॉस्फेटचा दाब मात्र ऐंशी टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत जवळपास तेवढाच, १३.१-१३.३ च्या आसपास राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. पितळेच्या पिंपात बाहेरून पातळी दिसत नाही ना, तसंच. त्यासाठी आत-बाहेर जाणारी वीज मोजणारा शंट लावलेला मीटर मिळतो, किंवा ब्लूटूथवाली बॅटरी मोबाइलवर टक्के दाखवते. यावर केलेला खर्च मला कधी जास्त वाटला नाही.

परतीच्या दिवशी हिशोब बदलतो. मासळीला शून्याजवळचं तापमान हवं, आणि आईचं इन्सुलिन तिथे चालत नाही. आमच्या फ्रिजला कप्पा एकच. म्हणून जाताना इन्सुलिन पुरेल एवढंच नेतो, आणि येताना वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशवीत, आईच्या हातात, एसीच्या हवेत असतं. उघडलेलं पेन तीस अंशांखाली काही आठवडे टिकतं. नक्की किती, ते खोक्यावर लिहिलेलं असतं आणि डॉक्टरांनाही विचारून घेतलेलं आहे. फ्रिज शून्यावर येतो, तळाशी बर्फाचा चुरा, वर साफ करून पिशव्यांत बांधलेली सुरमई. पॅनल घडी करून सीटमागे गेलेला असतो. मासळी आत गेल्यावर कॉम्प्रेसर पहिले दोन तास जवळजवळ थांबत नाही, पण तोवर इंजिनचा नळ चालू झालेला असतो. मुंबईत पार्किंगमध्ये उतरलो तेव्हा मीटरवर ९८ टक्के होते.